डुकरांच्या रक्ताला काय विचारायचे?

जपानमध्ये उन्हाळा आला की ठिकठिकाणच्या कत्तलखान्यांत एक जादा काम सुरू होते. मांसासाठी आणलेल्या डुकरांपैकी काहींचे थोडे रक्त बाजूला काढून सरकारी प्रयोगशाळेत तपासायला पाठवतात. ज्यांचे रक्त घेतले ती डुकरे आजारी नसतात. साधारण सहा महिन्यांची, चांगली पोसलेली आणि विक्रीसाठी आलेली अशी ती असतात. हा क्रम १९६५ पासून चालू आहे.

धडधाकट डुकरांचे रक्त सरकारने कशासाठी तपासायचे? उत्तर डासांमध्ये आहे. जपानी मेंदूज्वराचे विषाणू भातखाचरांत वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमार्फत पसरतात. बगळ्यांसारखे पाणपक्षी आणि डुकरे हे या विषाणूंचे मुख्य यजमान. विषाणू डुकराच्या शरीरात शिरला की काही दिवस त्याच्या रक्तात भरमसाट वाढतो, पण डुकराला त्याचे फारसे काही वाटत नाही. (मादी गाभण असेल तर पिल्ले मेलेली जन्मतात, एवढेच. मालकाच्या दृष्टीने ते ‘एवढेच’ नसते, ही गोष्ट वेगळी.) या दिवसांत डुकराला चावलेला डास पुढे माणसाला चावला की विषाणू माणसात येतो. माणसाच्या रक्तात मात्र तो इतका वाढत नाही, की त्या माणसाला चावलेला दुसरा डास तो पुढे नेईल. म्हणजे विषाणूची वाट माणसापाशी संपते. लागण झालेल्या बहुतेकांना काही होतही नाही. पण ज्या थोड्यांच्या मेंदूपर्यंत विषाणू पोहोचतो, त्यांच्यापैकी बरेच जण दगावतात किंवा कायमचे अधू होतात. त्यांत लहान मुले जास्त असतात.

आता, रक्त सहा महिन्यांच्याच डुकरांचे का? एखादा विषाणू शरीरात येऊन गेला की त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, रक्तात बराच काळ राहतात. चार वर्षांच्या मादीच्या रक्तात ती सापडली तर त्यावरून एवढेच कळते, की गेल्या चार वर्षांत केव्हातरी लागण झाली. सहा महिन्यांच्या डुकराची गोष्ट निराळी. गेल्या वर्षी डासांचा हंगाम संपला त्यानंतर ते जन्मले. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडेही एव्हाना संपलेली. त्याची पाटी कोरी असते. तिच्यावर काही उमटले असेल, तर ते याच हंगामातले. नमुन्यातल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त डुकरांत प्रतिपिंडे सापडली, की त्या भागात विषाणू पसरला आहे असे धरतात. डॉक्टरांना आणि आईबापांना सावध करता येते, मुलांना लस टोचून झाली आहे ना हे बघता येते. डुक्कर इथे रोगी नसून पहारेकरी असते.

आम्हाला ही पद्धत फार आवडते. स्वस्त, साधी आणि विचारपूर्वक बांधलेली. पण ती एका अटीवर चालते. रक्ताला नेमके काय विचारायचे, हे आधी ठाऊक असावे लागते. प्रश्न चुकला तर काय होते, हे जपानच्या नैऋत्येला काही हजार किलोमीटरवर असलेल्या दुसऱ्या एका देशाने १९९८-९९ मध्ये अनुभवले. त्याची हकीकत विद्यार्थ्यांना जरूर सांगावी अशी आहे.

चुकलेला प्रश्न

मलेशियात मुस्लिम बहुसंख्य आहेत, पण चिनी वंशाचे लोकही मोठ्या संख्येने आहेत आणि डुक्करपालन हा त्यांचा तिथला जुना धंदा. १९९८ मध्ये देशात २० लाखांहून जास्त डुकरे होती. त्या वर्षी सप्टेंबरपासून उत्तरेकडच्या पेराक राज्यात, इपोह शहराच्या आसपास, डुकरे पाळणाऱ्या लोकांना ताप, डोकेदुखी, गुंगी आणि झटके येऊ लागले. काही जण बेशुद्ध होऊन दगावले. मेंदूला सूज, जवळपास डुकरे, उष्ण दमट हवा आणि भरपूर डास. निदान जणू तयारच होते: जपानी मेंदूज्वर. काही रोग्यांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडेही सापडली. मग ठरलेले उपाय सुरू झाले. डासांसाठी धूर फवारणी झाली, माणसांना लस टोचली.

रोग हटला नाही. डिसेंबर १९९८ नंतर तो दक्षिणेकडच्या नेगेरी सेंबिलान राज्यात, बुकित पेलांदोक आणि सुंगाई निपाह या गावांच्या परिसरात उतरला आणि तिथे त्याने कहर केला. मधले अंतर डासांनी काटलेले नव्हते. पेराकमध्ये घबराट पसरल्यावर तिथली डुकरे मिळेल त्या भावाला विकली गेली होती. ट्रकमधून डुकरे गेली आणि त्यांच्याबरोबर रोग गेला.

इथे जरा थांबून वर्गात एक प्रश्न विचारता येईल. हा रोग डासांमुळे होत नाही असा संशय यावा, असे पुरावे कोणते? हे सगळे पुरावे त्या वेळी लोकांच्या डोळ्यांसमोर होते, प्रयोगशाळेची गरज नव्हती. एक, जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने मुलांना होतो. इथे आजारी पडणारे बहुतेक मोठे, कमावते पुरुष होते. दोन, रोग्यांमध्ये लस घेतलेलेही होते. तीन, एकाच घरात राहणाऱ्या, एकाच डासांनी चावलेल्या माणसांपैकी फक्त डुकरांच्या कामाला जाणारे आजारी पडत. चार, शेजारच्या मलय वस्तीत डास तेच, पण तिथले मुस्लिम लोक डुकरांना हात लावत नसत आणि त्यांना रोग होत नव्हता. डास माणसाचा धर्म विचारून चावत नाही. आणि पाच, डुकरे स्वतः आजारी होती. जपानी मेंदूज्वरात असे होत नाही.

या पाचव्या पुराव्याकडे नीट बघायला हवे. नेगेरी सेंबिलानमधल्या फार्मवर डुकरे विचित्र खोकत होती. कुत्रा भुंकावा तसा मोठा, कोरडा खोकला. लांबूनही ऐकू यावा असा. काही मादी एकाएकी मरून पडत, काही डुकरांचे मागचे पाय लटपटत. पण एकूण मेलेली डुकरे थोडी, शंभरात जेमतेम पाच. डुकरांना खोकल्याचे, तापाचे रोग काही कमी नसतात. डुकरांचा जुना ताप, फुप्फुसाचे जंतुजन्य रोग हे मलेशियात नेहमीचेच होते. थोडी डुकरे खोकली आणि थोडी मेली, तर मालक औषध देतो आणि पुढे जातो. रोगाची खबर सरकारपर्यंत पोहोचायची तर कुणाला तरी काही वेगळे वाटावे लागते. डुकरांमध्ये सौम्य आणि माणसांमध्ये भयंकर असा हा रोग असल्याने, जनावरांच्या डॉक्टरांना तो फारसा वेगळा वाटला नाही आणि माणसांच्या डॉक्टरांना तो ओळखीचा वाटला.

मग रोग्यांच्या रक्तात जपानी मेंदूज्वराची प्रतिपिंडे सापडली, ती कशी? ती चाचणी खोटी नव्हती. ज्या देशात तो विषाणू नेहमीच फिरत असतो आणि शिवाय लोकांना लसही टोचली आहे, तिथे कुणाचेही रक्त तपासले तरी काहींत त्याची प्रतिपिंडे निघणारच. ‘या माणसाला पूर्वी कधी तो विषाणू भेटला आहे का?’ एवढ्याच प्रश्नाचे ते उत्तर होते. ‘हा माणूस आज कशाने आजारी आहे?’ हा प्रश्न त्या चाचणीला विचारलेलाच नव्हता.

मार्च १९९९ च्या सुरुवातीला क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठात डॉ. चुआ काव बिंग यांनी सुंगाई निपाहच्या एका रोग्याच्या मेंदूभोवतालच्या द्रवातून विषाणू वाढवला. काचपात्रातल्या पेशी एकमेकींत मिसळून मोठे गोळे होत होते. जपानी मेंदूज्वराचा विषाणू असे करत नाही. चुआ ते नमुने घेऊन अमेरिकेत गेले. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या फोर्ट कॉलिन्स येथील प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले, ते गोवराच्या आणि गालगुंडाच्या विषाणूंच्या घराण्यातले होते. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या हेंड्रा या उपनगरात घोडे आणि त्यांचा प्रशिक्षक ज्याने दगावले, त्या विषाणूचा हा जवळचा भाऊ होता. गावावरून त्याचे नाव निपाह पडले.

त्याच सुमारास सिंगापूरमध्ये कत्तलखान्यात काम करणारे ११ जण आजारी पडले आणि त्यांतला एक दगावला. त्यांनी मलेशियातून आलेली डुकरे हाताळली होती. मलेशियातली साथ मे अखेरीस थांबली. तोवर तिथे २६५ जणांना मेंदूज्वर झाला होता आणि १०५ जण मृत्यू पावले होते.

नऊ लाख डुकरे मारल्यावर

साथ कशी थांबली? २८ फेब्रुवारी ते २६ एप्रिल १९९९ या काळात साथीच्या भागातल्या ८९६ फार्मवरची ९,०१,२२८ डुकरे मारून पुरण्यात आली. हे काम विषाणूचे नाव कळण्याआधीच सुरू झाले होते. लष्कर बोलवावे लागले. त्यातल्या काही जवानांनाही लागण झाल्याचे मागाहून रक्ततपासणीत दिसले. आकडा वाचायला सोपा आहे. सरासरी काढली तर एका फार्मवर सुमारे हजार डुकरे, म्हणजे एका कुटुंबाची सारी पुंजी, दोनचार दिवसांत खड्ड्यात. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला होता, त्या घराचीही.

यात आजारी डुकरे किती होती? कुणी मोजली नाहीत, मोजायला वेळ नव्हता. भाग ठरवला आणि त्यातली सगळी मारली. अशी कत्तल एकदा करता येते, देशभर करता येत नाही. साथीच्या भागाबाहेर आणखी शेकडो फार्म होते. त्यांतल्या कुठे विषाणू शिरला आहे आणि कुठे नाही, हे आता शोधायचे होते, आणि भुंकण्यासारखा खोकला ऐकून ते ठरवणे शक्य नव्हते, कारण बरीच डुकरे लागण होऊनही आजारी दिसत नव्हती. म्हणून तीन महिन्यांचा देशव्यापी तपासणी कार्यक्रम आखण्यात आला. आमच्या मते या साथीतला विज्ञानाच्या दृष्टीने सगळ्यांत शिकण्यासारखा भाग हाच.

पहिला प्रश्न: विषाणू शोधायचा की प्रतिपिंडे? विषाणू डुकराच्या अंगात थोडेच दिवस सापडतो. त्या दिवसांत नेमके आपण पोहोचलो तर ठीक. प्रतिपिंडे मात्र अनेक महिने राहतात. शिवाय जिवंत विषाणू हाताळायला सर्वोच्च सुरक्षिततेची प्रयोगशाळा लागते. प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणी विषाणू निष्क्रिय करून तयार केलेल्या द्रव्यावर करता येते. एलायझाचे तत्त्व सोपे आहे. ताटलीतल्या खळग्यांत विषाणूची प्रथिने चिकटवून ठेवायची, त्यावर डुकराच्या रक्तातला पातळ भाग घालायचा. प्रतिपिंडे असतील तर ती प्रथिनांना धरून बसतात, नसतील तर धुऊन जातात. मग रंग देणाऱ्या द्रव्याने कोण बसून राहिले ते बघायचे.

दुसरा प्रश्न: रक्त कुणाचे घ्यायचे? जपानमध्ये कोवळी डुकरे निवडतात हे आपण पाहिले. मलेशियात उलट केले आणि पिल्ले घालणाऱ्या मादी निवडल्या. कारण प्रश्न उलटा होता. ‘यंदा विषाणू आला आहे का?’ हे विचारायचे नव्हते. ‘या फार्मवर तो कधी येऊन गेला आहे का?’ हे विचारायचे होते. मांसासाठीची डुकरे सहा महिन्यांत विकली जातात आणि आपली माहिती सोबत घेऊन जातात. पिल्लांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात, ती फसवतात. मादी वर्षानुवर्षे फार्मवर राहते. फार्मची आठवण तिच्या रक्तात साठते.

तिसरा प्रश्न गणिताचा आहे: किती मादी तपासायच्या? यापुढचे आकडे आम्ही हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, मलेशियाच्या नियमपुस्तकातले म्हणून नव्हेत. समजा, एका फार्मवर शंभरातल्या पन्नास मादींना लागण होऊन गेली आहे आणि आपण डोळे मिटून १५ निवडल्या. पहिली निर्दोष निघण्याची शक्यता निम्मी. दोन्ही निर्दोष निघण्याची पाव. पंधराच्या पंधरा निर्दोष निघण्याची शक्यता निम्म्याचा पंधरावा घात, म्हणजे ३२,७६८ मध्ये एक. आपण फसणे जवळजवळ अशक्य. लागण शंभरात वीस मादींनाच झाली असेल, तर पंधरातून एकही न सापडण्याची शक्यता ०.८ चा पंधरावा घात, साधारण शंभरात साडेतीन. आणि शंभरात पाचच असतील, तर ०.९५ चा पंधरावा घात: शंभरात ४६! म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. तिथे शंभरात पाचपेक्षा कमी वेळा फसायचे असेल, तर १५ नव्हे, ५९ मादी तपासाव्या लागतात.

हा प्रयोग चिंचोक्यांवर करता येतो. एका डब्यात दोनशे चिंचोके घ्या, दहांवर चुन्याचा ठिपका द्या. प्रत्येक विद्यार्थ्याने न बघता पंधरा काढायचे, ठिपक्याचा निघाला की नाही ते सांगायचे आणि चिंचोके परत टाकून डबा हलवायचा. चाळीस मुलांच्या वर्गात अठरा-वीस मुले ‘ठिपक्याचा एकही नाही’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगतील. त्यांचे काही चुकलेले नसते. नंतर ठिपके चाळीस चिंचोक्यांवर द्या आणि खेळ पुन्हा खेळा. एखाददुसऱ्यालाच ठिपका चुकेल.

आता मजा अशी, की ‘रोग नाही’ हे वाक्य शंभर टक्के खात्रीने कधीच म्हणता येत नाही, सगळीच्या सगळी जनावरे तपासली तर वेगळे. म्हणता येते ते एवढेच: ‘रोग असलाच, तर तो शंभरात इतक्यांपेक्षा कमी असावा, आणि हे चूक ठरण्याची शक्यता इतकी.’ म्हणून किती तपासायच्या, हे रोगाच्या स्वभावावर ठरते. निपाह दाटीने ठेवलेल्या डुकरांत वणव्यासारखा पसरतो. एका फार्मवर तो शिरला की थोड्याच काळात बहुतेकांना गाठतो. त्यामुळे प्रत्येक फार्मवर थोड्या मादी तपासल्या तरी पुरते. हळूहळू पसरणाऱ्या रोगासाठी तेच गणित कुचकामी ठरले असते.

चौथा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण त्यात माणसाचे पोट गुंतले आहे. चाचणी चुकली तर? कुठलीही चाचणी कधीकधी निर्दोष रक्तालाही दोषी ठरवते. समजा, शंभर निर्दोष मादींपैकी ९८ ना ती निर्दोष म्हणते आणि दोघींवर खोटा आळ घेते. ऐकायला ही चाचणी चांगलीच वाटते. पण पूर्ण निर्दोष फार्मवर अशा १५ चाचण्या केल्या, तर किमान एक खोटा आळ येण्याची शक्यता निघते शंभरात २६. मलेशियात तपासलेल्या फार्मची संख्या होती ८८९. हे सगळे निर्दोष आहेत असे धरले, तरी त्यांतले सुमारे २३० फार्म दोषी ठरले असते! आणि दोषी ठरणे म्हणजे सगळी डुकरे मारली जाणे.

उपाय काय? एका मादीच्या रक्तावरून फार्मचा निकाल लावायचा नाही. समजा, पंधरांपैकी किमान तीन दोषी निघाल्या तरच फार्म दोषी धरायचा असे ठरवले. तर निर्दोष फार्मवर तीन खोटे आळ एकदम येण्याची शक्यता हजारात तीन इतकी उरते. २३० फार्मच्या जागी दोन-तीन. एका साध्या अटीने केवढा फरक पडला!

पण काहीच फुकट मिळत नाही. अट कडक केली की खरोखर दोषी असलेले काही फार्म सुटणार. निम्म्या मादींना लागण झालेला फार्म सुटण्याची शक्यता या नव्या अटीनेही हजारात चारच राहते; पण शंभरात वीस मादींना लागण झालेला फार्म मात्र शंभरात चाळीस वेळा हातून निसटतो. विषाणू नुकताच शिरला असेल तर नेमकी हीच स्थिती असते. म्हणून काही आठवड्यांनी तोच फार्म पुन्हा तपासायचा. मधल्या काळात निपाहसारखा विषाणू पसरलेला असतो आणि दुसऱ्या खेपेला लपू शकत नाही. चुकीने मारणे आणि चुकीने सोडणे या दोन चुकांत तराजू कुठे धरायचा, हे गणित सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते. गणित एवढेच सांगते, की कुठे धरला तर कोणती चूक किती होईल. आम्हाला वाटते, शाळेत संभाव्यतेचा धडा फासे आणि पत्ते यांच्यापुढे इथपर्यंत यायला हरकत नाही.

तीन महिन्यांच्या तपासणीत ८८९ पैकी ५० फार्म दोषी निघाले आणि त्यांवरची १,७२,७५० डुकरे मारली गेली. सरासरी काढून पाहा: एका फार्मवर साडेतीन हजारांच्या आसपास. हे मोठे फार्म होते. साथीच्या भागातल्या सरासरीच्या तिपटीहून मोठे. त्यानंतर मलेशियात डुकरांमध्ये किंवा माणसांमध्ये निपाहची साथ आलेली नाही.

आंब्याची झाडे

विषाणू डुकरांत आला कुठून? हेंड्राचा उगम फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत होता, म्हणून याचाही शोध तिथेच घेतला गेला. चुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिओमान बेटावरच्या वटवाघळांच्या मूत्रात आणि त्यांनी अर्धवट खाऊन टाकलेल्या फळात निपाह विषाणू सापडला. इपोहजवळच्या ज्या मोठ्या फार्मवरून साथ सुरू झाली असे मानतात, तिथे डुकरांच्या कोंडवाड्यांना लागून आंब्याची झाडे होती. रात्री वटवाघळे फळे खायला येत, उष्टी फळे खाली डुकरांत पडत. जुन्या नोंदी चाळल्यावर असेही दिसले, की त्या फार्मवरची माणसे जानेवारी १९९७ मध्येच या रोगाने आजारी पडली होती. म्हणजे विषाणूने दीड-पावणेदोन वर्षे तिथे काढली, आणि कुणी त्याच्याविषयी विचारले नाही, कारण त्याचे नावच जगात नव्हते. साथीनंतर सुचवलेल्या उपायांत एक अगदी घरगुती वाटणारा होता: कोंडवाड्यांजवळ फळझाडे नकोत.

तसलीच मोठी वटवाघळे आपल्याकडेही आहेत. २००१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडीत आणि २०१८ मध्ये केरळातल्या कोझिकोडेत निपाहच्या साथी आल्या. त्यांत डुकरांचा संबंध दिसला नाही. रोग मुख्यतः रुग्णालयांत माणसाकडून माणसाकडे गेला. केरळात डुकरांचेही नमुने तपासले, त्यांत विषाणू आढळला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांपैकी काहींत निपाहच्या खुणा सापडल्या. महाराष्ट्रात निपाहचा रोगी सापडला, असा याचा अर्थ नव्हे. पण इथल्या डुकरांच्या रक्ताला आता कोणता प्रश्न विचारायचा, हे तरी त्यातून कळते. मेंदूज्वर म्हणजे जपानी मेंदूज्वरच, असे धरून चालण्याचा मोह आपल्यालाही नवा नाही. २००३ मध्ये आंध्रात मुलांमध्ये आलेल्या साथीत प्रथम तोच संशय होता. पुण्याच्या याच संस्थेने तो चांदीपुरा विषाणू असल्याचे दाखवले. हा विषाणू मूळचा नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाच्या नावाचा.

मलेशियातली तपासणी होऊ शकली, कारण तपासायच्या फार्मची यादी होती. डोळे मिटून पंधरा निवडायच्या तर आधी शंभर कुठे आहेत ते ठाऊक लागते. २०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे ९० लाख डुकरे मोजली गेली. त्यांतली सर्वांत जास्त, २१ लाख, आसामात होती, आणि तिथे ती मोठ्या फार्मवर कमी, घराघरांतून दोन-चार अशी जास्त पाळली जातात. २०२० च्या सुरुवातीला आसाम आणि अरुणाचलात डुकरे पटापट मरू लागली. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत तपासल्यावर तो आफ्रिकी डुक्करज्वर निघाला. भारतात तो पहिल्यांदाच आला होता. हा रोग माणसांना होत नाही, पण लागण झालेली बहुतेक डुकरे मरतात. तिथे खबर देणारा पहिला माणूस प्रयोगशाळेतला नव्हता. परसात दोन डुकरे पाळणारी बाई किंवा पुरुष हाच तो माणूस. आपली डुकरे मेली हे सरकारला कळवले तर उरलेलीही मारतील, हे त्याला कळते. भरपाई किती आणि केव्हा मिळेल, यावर तो कळवतो की रातोरात डुकरे बाजारात नेतो, हे ठरते. पेराकहून निघालेले ट्रक आठवावेत.

आणि आपल्या शहरांच्या कडेला, नाल्याकाठी मोकाट फिरणारी डुकरे? त्यांना मालक असतो; डुकरे हवी असतील त्या दिवशी तो बरोबर येऊन पकडून नेतो. पण रक्त घ्यायला गेले की ती कुणाचीच नसतात, कुठल्याही यादीत नसतात. चिंचोक्यांच्या खेळात हे दाखवायचे असेल तर एक मूठ चिंचोके डब्याबाहेर, वर्गभर विखरून ठेवावे लागतील.